एसओपी घेऊन फर्गसन रोडवर

परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरला जातो लॅपटॉपवर, पण त्यातलं ते दीड-दोन पानी स्वगत घडतं हॉटेलच्या टेबलावर, कॉलेजच्या कट्ट्यावर आणि कधीकधी आजीच्या ओट्यावर. एका एसओपीची ही पुण्यातली भटकंती..

फर्गसन रोडवर दोन शॉर्टफॉर्म माहीत असले की निभावतं. पहिला एसपीडीपी, म्हणजे 'वैशाली'ची शेव पोटॅटो दही पुरी. दुसरा एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. पहिल्यासाठी टेबलाची वाट बघायची, दुसऱ्यासाठी ॲडमिशनची. आणि ऑक्टोबर ते जानेवारी या दिवसांत हे दोन्ही हमखास एकाच टेबलावर भेटतात!

शनिवारी सकाळी कान देऊन बसा, कळेल. शेजारच्या टेबलावर हिंजवडीतला कुणीतरी जीआरईचा स्कोअर सांगत असतो. पलीकडे मगरपट्ट्यातली एक मुलगी कागदावर हिरव्या पेनानं खुणा करत असते आणि समोरचा मुलगा कॉफी गार करत तिच्या चेहऱ्याकडे बघत असतो. त्याला वाटतं प्रेम, तुम्हाला वाटतं प्रेम. असतो एसओपी.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या डेडलाइन्स डिसेंबर-जानेवारीत असतात. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपता संपता अर्ध्या पुण्याला 'मी कोण आणि मला पुढे काय करायचंय' हा प्रश्न पडतो. एरवी हा प्रश्न आपण तिशीनंतर, ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर स्वतःला विचारतो. इथे मात्र त्याचं उत्तर पाचशे ते हजार शब्दांत, तेही इंग्रजीत आणि स्वतःची टिमकी न वाजवता द्यायचं असतं. आहे की नाही कठीण?

त्यात आणखी एक गोची. एसओपी आणि पर्सनल स्टेटमेंट हे दोन्ही शब्द आपण सरसकट वापरतो, पण सगळीकडे ते एकच नसतात. काही विद्यापीठं दोन्ही वेगवेगळे मागतात. बर्कलेसारख्या ठिकाणी एका कागदावर अभ्यास, आधीचं काम आणि पुढचा बेत मांडायचा असतो, तर दुसऱ्यावर तुम्ही कुठल्या परिस्थितीतून इथवर आलात ते. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपलाही अभ्यासाचं उद्दिष्ट वेगळं आणि पर्सनल स्टेटमेंट वेगळं. जर्मनीकडे निघालेली मंडळी याच्याच भावंडाला मोटिव्हेशन लेटर म्हणतात. नाव काहीही असो, ते लिहून झालं की कुणाला तरी दाखवावंसं वाटतंच. आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

गेल्या मोसमात मीही या जत्रेत होते. मास कॉमची डिग्री, पाच वर्षं फ्रीलान्सिंग, बँकेत जेमतेम दोन सेमिस्टरच्या राहण्याखाण्याचे पैसे आणि बाबांची एक एफडी, जी मोडायला ते तयार होते आणि मी नव्हते. पर्यावरण आणि आपत्तींच्या वार्तांकनावर एका वर्षाचं मास्टर्स करायचं डोक्यात होतं. स्कॉलरशिप मिळाली तरच जाणं शक्य होतं, आणि मार्कांच्या जोरावर ती मिळणारी नव्हती. म्हणजे सगळी भिस्त त्या दोन पानांवर.

'मस्तंय गं!'

पहिला वाचक निवडताना आपण नेहमी सोयीचा निवडतो. मी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला गाठलं. वैशालीत टेबल मिळायला वीस मिनिटं होती, तेवढ्यात तिने उभ्याउभ्या मोबाइलवर माझी दोन पानं संपवली.

"मस्तंय गं! भारी लिहिलंयस. सबमिट कर."

"नक्की काय आवडलं?"

"फ्लो मस्त आहे यार. चल, टेबल मिळालं."

तिचं प्रेम मला मान्य आहे. असं म्हणणारं कुणीतरी लागतंच, नाहीतर माणूस लॅपटॉप उघडणारच नाही. पण या फीडबॅकचा उपयोग एसपीडीपीवरच्या शेवेइतका. चव येते, पोट भरत नाही.

त्याच रात्री टेक्सासमधल्या आतेभावाने दुसऱ्या टोकाचा नमुना पाठवला. ट्रॅक चेंजेस लावलेली फाइल, त्रेसष्ट कॉमेंट्स! प्रत्येक छोट्या शब्दाच्या जागी मोठा शब्द. मी 'यूज' लिहिलं होतं तिथे 'लेव्हरेज', 'टॉक' होतं तिथे 'एंगेज'. वाचून झाल्यावर वाटलं, हा अर्ज आतेभावाचा आहे आणि तो एखादी कंपनी विकत घ्यायला निघालाय. गंमत म्हणजे, काय सांगतेयस हे त्रेसष्टपैकी एकाही कॉमेंटमध्ये विचारलेलं नव्हतं. सगळा खल 'कसं सांगतेयस' यावरच.

एका चॅटबॉटलाही मी तोच मजकूर दिला आणि 'पॉलिश कर' म्हटलं. त्याने केलं. इतकं गुळगुळीत, की पायच ठरेना.

काचेच्या केबिनमध्ये

मग कुणीतरी म्हणालं, प्रोफेशनलकडे जा. जंगली महाराज रोडवर आणि डेक्कनच्या आसपास परदेशी शिक्षणाच्या सल्ल्याची ऑफिसं पावलापावलावर आहेत. दुसरा मजला, काचेची केबिन, भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर चिमुकले झेंडे आणि बाहेरच्या सोफ्यावर मुलांपेक्षा जास्त टेन्शनमध्ये असलेले आईबाबा. यातल्या अनेक ठिकाणी व्हिसाची कागदपत्रं, कर्ज, फी असली कामं चोख होतात, आणि नवख्या माणसाला त्याचा आधार वाटतो हेही खरं.

मी गेले त्या ऑफिसात 'एसओपी एडिटिंग'चं पॅकेज होतं. काउन्सेलर मॅडमनी माझा ड्राफ्ट बाजूला ठेवला आणि एक चार पानी फॉर्म पुढे केला. छंद, यश, आदर्श व्यक्ती, आयुष्यातला टर्निंग पॉइंट. चौथ्या दिवशी मेलवर नवाकोरा एसओपी हजर! सुरुवात 'लहानपणापासूनच मला' या शब्दांनी. 'पॅशन' हा शब्द पाचदा. आणि तिसऱ्या परिच्छेदात मी एका स्वयंसेवी संस्थेत दोन वर्षं काम केल्याचा उल्लेख.

मी फोन केला. "मॅडम, हे मी केलेलं नाही."

"मॅम, थोडं सोशल वर्क घालावं लागतं. सगळेच घालतात."

हेच तर दुखणं. सगळेच घालतात, म्हणून सगळ्यांचे एसओपी मावसभावंडांसारखे दिसतात. त्या पानावरून माझं नाव काढून शेजारच्या सोफ्यावरच्या मुलाचं टाकलं असतं तर दोनच शब्द बदलावे लागले असते. शिवाय अर्ज भरताना 'यातली माहिती खरी आहे आणि लेखन माझं स्वतःचं आहे' असं बहुतेक ठिकाणी लिहून द्यावं लागतं. पुढे इंटरव्ह्यूत त्या संस्थेबद्दल कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? मी पैसे भरले, पावती घेतली आणि ती फाइल तशीच ठेवून खाली उतरले.

रानडेचा कट्टा

फर्गसन रोडवरच, वैशालीपासून चालत काही मिनिटांवर रानडे इन्स्टिट्यूट आहे. आत शिरलात की रस्त्यावरचे हॉर्न एकदम लांब जातात. एकीकडे पत्रकारितेचा विभाग, दुसरीकडे परदेशी भाषांचे वर्ग. त्यामुळे कट्ट्यावर अर्धी मुलं बातमीचा इंट्रो घोकत असतात आणि उरलेली जर्मन क्रियापदं. पुणेकरांच्या परदेशवारीतलं पहिलं 'गुटन टाग' बऱ्याचदा इथेच उच्चारलं जातं.

मला शिकवलेले एक सर आता निवृत्त आहेत, पण संध्याकाळच्या चहाला अजून या बाजूला येतात. मी त्यांच्या हातात कागद दिला, तर त्यांनी तो मलाच परत केला.

"मोठ्याने वाच."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"विद्यापीठात कुणीतरी वाचणारच आहे ना? मग आत्ताच लाज कसली?"

मी वाचलं. मोठ्याने वाचताना एक कळतं. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य लांबलेलं असतं आणि जिथे आवाज खाली जातो तिथे आपलाच आपल्यावर विश्वास नसतो. वाचून झाल्यावर सरांनी कागद घेतला, खिशातली पेन्सिल काढली आणि दहा मिनिटं काही न बोलता चहा पीत बसले. कागद परत आला तेव्हा एकही शब्द खोडलेला नव्हता. समासात फक्त प्रश्नचिन्हं होती. मोजली, अकरा!

'आय हॅव वर्क्ड एक्स्टेन्सिव्हली ऑन फ्लड्स' याच्यापुढे एक. "किती पूर? कुठले?"

'व्हॉइसलेस कम्युनिटीज'पुढे एक. "हे लोक कोण? बोलता येत नाही का त्यांना?"

आणि दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती, माझ्या आजीने १९६१चा पानशेतचा पूर पाहिला आणि त्यातून ती वाचली. तिच्यापुढे दोन प्रश्नचिन्हं.

"पाणी कुठवर आलं होतं?" सरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आजीच्या घरात. पाणी. कुठवर?"

मला माहीत नव्हतं.

"ही उत्तरं मला नकोत," सर म्हणाले. "तुला मिळतात का बघ. आणि हो, एक अर्ज वाच. दीडशे वर्षांपूर्वीचा म्हण हवं तर. आनंदीबाईंचा."

१८८३चा एसओपी

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेच्या धड्यातून, नाटक-सिनेमातून माहीत असतात. पण अर्जदार म्हणून त्यांच्याकडे कधी बघितलंय? जून १८८३मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. त्याच महिन्याच्या शेवटी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला पत्र लिहिलं. आजच्या भाषेत, पर्सनल स्टेटमेंट! कॉलेजची जुनी कागदपत्रं आता फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि हे पत्र तिथे जपून ठेवलंय.

या पत्रात अलंकार जवळजवळ नाहीत. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसत नसू, हे त्या सरळ मान्य करतात. घरच्या, जातीच्या लोकांचा विरोध पत्करून आपण इतक्या लांब आलोय, तेव्हा त्या निर्धाराचाही विचार व्हावा, असं सांगतात. आणि हेतू अगदी नेमका मांडतात. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून मला शिकायचंय. बस्स. कुठून आले, काय कमी आहे, कशासाठी हवंय. तीन गोष्टी, आणि तिन्ही दुसऱ्या कुणाच्याच नावावर खपणार नाहीत अशा.

त्यांना प्रवेश मिळाला. मार्च १८८६मध्ये डिग्री मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला, बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आधीच, पुण्यात त्या गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, त्यांना लेकीसारखं वागवणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. 'पॅशन'बद्दल चार वाक्यं लिहिण्याआधी हे एकदा वाचावं. हात आपोआप आखडतो.

लकडी पुलावरून

रविवारी सकाळी मी सरांचे प्रश्न खिशात घालून नदीवर गेले. डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशनला उतरलात तर नदी अगदी पायाशीच आहे. ऑगस्ट २०२३पासून या स्टेशनवरून मेट्रो धावतेय आणि तेव्हापासून पुणेकरांना मुठा नदी वरून दिसायला लागली. एरवी आपण तिच्याकडे बघतो फक्त भिडे पूल पाण्याखाली गेल्यावर. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, त्याचे फोटो ग्रुपवर फिरतात, दोन दिवसांत सगळं विसरलं जातं.

लकडी पुलावर उभं राहिलं की एका बाजूला डेक्कन, दुसऱ्या बाजूला पेठा. १२ जुलै १९६१ला सकाळी, अजून बांधकाम पुरतं न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यात आला आणि त्याच दिवशी तेही धरण फुटलं. हा पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, वाडे कोसळले. त्यानंतर कित्येक दिवस शहरात ना वीज होती, ना नळाला पाणी. पुण्यात आजही काळ मोजायचा एक जुना हिशोब आहे, 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर'.

पुलावरून शनिवार पेठेकडे वळले. नदीकाठचं ओंकारेश्वराचं देऊळ पेशवाईतलं. त्याच्याच जवळपास कुठेतरी आजीचा, म्हणजे तिच्या सासरचा वाडा होता. गल्ली सापडली. वाड्याच्या जागी सहा मजली इमारत, खाली पार्किंग, गेटवर वॉचमन.

"कोणाकडे जायचंय?"

आता याला काय सांगणार? पाणी कुठवर आलं होतं ते बघायचंय म्हणून? मी नुसतंच हसले आणि मागे फिरले. भिंतच राहिली नव्हती, तर खूण कुठली?

गोखलेनगरचा ओटा

सेनापती बापट रोडवरून आत वळलं की गोखलेनगर. चकचकीत ऑफिसांच्या आणि मॉलच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी. ऑफिसला जाताना तुम्ही रोज याच्या तोंडावरून जात असाल. पूरग्रस्तांसाठी वसलेली ही वसाहत. मूळ घरं बैठी, लहान. आता कुणी वर मजला चढवलाय, कुणी पुढे दुकान काढलंय. गल्ल्या मात्र अजून तशाच सरळ रेषेत आखलेल्या, कागदावर घाईघाईने रेघा मारल्यासारख्या.

आजी इथे पुरानंतर आली ती आजतागायत. वय ८१. ओट्यावर बसून मेथी निवडत होती. मी शेजारी बसले आणि तिला माझं इंग्रजी मराठीत करून वाचून दाखवलं. त्या ओळीवर आल्यावर तिने हात थांबवला.

"वाचले असं लिहिलंयस होय? वाचले खरी, पण वाचवलं कुणी, ते लिही की."

"कुणी?"

"टेलरमामांनी. खाली भाड्याने राहायचे, दाराशीच मशीन. मी नवी नवरी गं, लग्नाला दोन महिने झालेले. पोहता कुठलं येतंय! त्यांनी दोर बांधून आम्हा तिघींना शेजारच्या माडीवर ओढून घेतलं."

"आजी, पाणी कुठवर आलं होतं?"

तिला आठवायला एक सेकंदही लागला नाही. "जिन्याची सातवी पायरी. मी वरून मोजत होते. सहावी बुडली तेव्हा सासूबाईंनी देव उचलले."

चौसष्ट वर्षं ती पायरी तिच्या डोक्यात होती, आणि आमच्या घरात कुणी तिला विचारलंच नव्हतं. पूर म्हटलं की आम्ही सगळे 'हो, आजी पुरातून वाचली' एवढं म्हणायचो आणि पुढे जायचो.

मग तिने आणखी एक सांगितलं. आम्हाला इथे घर मिळालं. टेलरमामांना नाही. "त्यांचा कुठे कागद नव्हता. ना भाडेपावती, ना काही. मशीन वाहून गेलं. चार महिने हेलपाटे घातले, मग गावी निघून गेले. यादीत नाव नाही म्हणजे माणूसच नव्हता जणू."

हे ऐकताना मला एकदम २५ जुलै २०२४ आठवला. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं आणि मी बातमीसाठी तिथे चिखलात उभी होते. तळमजल्यावरच्या एक भाडेकरू बाई भिजलेली गादी बाहेर काढता काढता मला विचारत होत्या, "पंचनाम्यात नाव मालकाचं घालतात का आमचं?" माझ्या वहीत तो प्रश्न होता. छापून आलेल्या बातमीत नव्हता, जागा पुरली नाही.

त्या ओट्यावर बसल्याबसल्या माझ्या अर्जाचा हेतू मला पहिल्यांदा सरळ दिसला. यादीत नसलेल्या माणसांची बातमी कशी करायची, हे मला शिकायचंय. 'व्हॉइसलेस कम्युनिटीज' कुठेच नव्हत्या. एक टेलर होता आणि एक भाडेकरू बाई होत्या. दोघांनाही आवाज होता, ठणठणीत. कागद नव्हता.

मी नवीन ड्राफ्ट सातव्या पायरीपासून सुरू केला.

'पण आमच्याकडेच का?'

अजून एक वाचक बाकी होता, असाच कोर्स करून लंडनला नोकरीला लागलेली एक जुनी सहकारी. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आता तू दिसतेस. पण विद्यापीठ नाही दिसत. हा अर्ज तू कुठेही पाठवू शकतेस."

तिचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं. अर्ज वाचणाऱ्यासमोर शेकडो गठ्ठे असतात आणि तो दोन गोष्टी शोधतो. हिला काय हवंय आणि ते आपल्याकडे आहे का? म्हणून कोर्सची माहिती नीट वाचायची, कुठला विषय, कुठला संग्रह, कुणाचं काम आपल्या प्रश्नाशी जुळतं ते शोधायचं आणि नेमकं तेवढंच लिहायचं. 'युअर प्रेस्टिजियस युनिव्हर्सिटी' या तीन शब्दांवर जगात कुणाला ॲडमिशन मिळाली नसेल. मी तीन रात्री कोर्सची पानं वाचली आणि यादीतली दोन विद्यापीठं चक्क कापून टाकली, कारण तिथे मला हवं ते शिकवतच नव्हते. फीडबॅकमुळे अर्ज सुधारतो हे ऐकलं होतं, पण अर्जाची फी वाचते हे नव्हतं!

शेवटी कागद परत सरांकडे. रानडेचा तोच कट्टा, तीच पेन्सिल. या वेळी एकच प्रश्नचिन्ह. "टेलरमामांचं नाव?"

आजीला विचारलं होतं. तिला ते आठवत नाही. वाड्यात सगळे टेलरमामाच म्हणायचे.

"मग तसंच लिही," सर म्हणाले. "नाव कुणालाच माहीत नाही, हेच लिही. तुझा विषय तोच आहे ना?"

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. तिथे मी थांबले. तोवर लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल फायनल' आणि 'फायनल खरंच' अशा फाइल्स झाल्या होत्या, आणि आणखी तीन जण वाचायला तयार होते. पण वाचक वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर प्रत्येक जण आपापलं एक वाक्य घालतो आणि आपलं एक वाक्य बाहेर जातं. अर्ज डेडलाइनच्या दोन दिवस आधी गेला. एफडी अजून शाबूत आहे, निकाल यायचाय. काहीही लागो, सातवी पायरी आता आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि एकतानगरीतल्या त्या बाईंचा प्रश्न घेऊन मी पुन्हा तिकडे फेऱ्या मारायला लागलेय. त्यासाठी कुठल्या विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

एसओपी कुणाला वाचायला द्याल?

• तीन वाचक पुरेत. एक तुम्हाला ओळखणारा, एक तुमच्या विषयातला आणि एक यातलं काहीच माहीत नसलेला.

• 'कसं वाटलं?' असं विचारू नका, 'मस्त' हेच उत्तर येतं. 'वाचून माझ्याबद्दल काय लक्षात राहिलं?' असं विचारा. उत्तर 'फ्लो' असेल तर अजून काम बाकी आहे.

• एकदा मोठ्याने वाचा. कट्ट्यावर लाज वाटत असेल तर बाथरूममध्ये.

• तुमचं नाव झाकून मित्राचं नाव घाला. तरीही कागद खरा वाटत असेल तर तो तुमचा नाही.

• स्पेलिंग-व्याकरणाची तपासणी सगळ्यात शेवटी. आधी घर बांधा, मग रंग द्या.

• एसओपी आणि पर्सनल स्टेटमेंट वेगवेगळे मागितले असतील तर तोच मजकूर दोनदा चिकटवू नका. विद्यापीठाची सूचना वाचकालाही दाखवा, नाहीतर तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर तपासत बसेल.

• डेडलाइनच्या तीन आठवडे आधी द्या. आदल्या रात्री मिळालेला फीडबॅक फक्त झोप उडवतो.

आणि या मोसमात तुमच्याच समोर कुणी दोन पानं सरकवली तर? कामाचा कंटाळा आलेला असेल, डोक्यात सोमवारचं प्रेझेंटेशन असेल, तरी 'मस्तंय' म्हणून मोकळे होऊ नका. एक पेन्सिल काढा आणि एक तरी खरा प्रश्न विचारा. कुठे? किती? कोण? पाणी कुठवर आलं होतं? समोरचा आधी वैतागेल, मग गप्प होईल, मग घरी जाऊन कुणाला तरी फोन लावेल. एसपीडीपीचं बिल मात्र त्यालाच भरायला लावा!